जागा विसरणारी सीट

मोटारीतील मेमरी सीट चालकाची जागा मोजून लक्षात ठेवते. सीट पुढे-मागे सरकवायला, उंची बदलायला आणि पाठ कलती करायला स्वतंत्र मोटरी असतात. बहुतेक गाड्यांत प्रत्येक मोटरीला एक हॉल सेन्सर जोडलेला असतो. एडविन हॉल यांना १८७९ मध्ये आढळलेल्या चुंबकीय परिणामावर हा सेन्सर चालतो. मोटर फिरली की तो स्पंद पाठवतो, सीटचे मॉड्यूल ते मोजत राहते आणि चालकाने ‘सेट’ केले की त्या क्षणीचा आकडा जपून ठेवते. पुढे १ किंवा २ चे बटण दाबले की तोच आकडा येईपर्यंत मोटरी फिरतात.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९५७ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये ठरवलेल्या जागी परतणारी सीट मिळत होती. आपल्याकडे मात्र ही सोय बराच काळ महागड्या गाड्यांपुरतीच होती. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या श्रेणीत ती २०२१ मध्ये आली आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावाहून वर्धा, अमरावती किंवा नागपूरचे वर्कशॉप गाठायचे तर दिवस मोडतो. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या अंगणात किंवा गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे काय तपासता येते, हे माहीत असणे मोलाचे.

पहिली परीक्षा सोपी: हाताच्या स्विचने सीट हलते का? कोणत्याच दिशेला हलत नसेल तर फ्यूज, येणारा करंट आणि अर्थिंग पाहावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीच घालू नये. सीटखालची वायर जळू शकते. एकच दिशा बंद असेल तर संशय स्विचवर किंवा त्या मोटरीवर घ्यावा. स्विचने सगळे चालते आणि फक्त मेमरी चालत नाही, असे असेल तर आधी गाडीचे माहितीपुस्तक उघडावे. कित्येक गाड्यांत गाडी थांबलेली असल्याशिवाय मेमरी चालत नाही, तर काहींत सीट जागेवर येईपर्यंत बटण दाबून धरावे लागते.

यानंतर बॅटरी. विदर्भातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा बाराच्या खाली गेला असेल तर सीटचा विचार बाजूला ठेवून आधी बॅटरी चार्ज करावी. बॅटरी काढून पुन्हा बसवली असेल तर काही गाड्यांत मॉड्यूलचा मोजणीचा आरंभबिंदूच हरवतो. अशा वेळी पुस्तकात दिलेल्या रीतीने सीट प्रत्येक दिशेला टोकापर्यंत नेऊन स्विच काही सेकंद धरून ठेवला की मोजणी पुन्हा बसते.

सर्वांत फसवा दोष म्हणजे थोडी सरकून थांबणारी सीट. इथे चांगली मोटर विनाकारण बदलली जाते. स्पंद येईनासे झाले की सीट अडकली असे मॉड्यूल समजते आणि करंट तोडते. मोटर बिचारी ठणठणीत असते. कधी अडथळा खराच असतो. बियाण्याच्या पिशवीतून सांडलेले सोयाबीनचे दाणे, पाण्याची बाटली किंवा छत्री रेलमध्ये अडकलेली निघते. रेल मोकळी असेल तर सीटखालची वायरिंग पाहावी. सीट सरकताना ती दर वेळी वाकते, त्यामुळे वायर आतून तुटते. गाडी धुताना आत गेलेल्या पाण्याने कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो.

कपलरला हात लावण्याआधी एक गोष्ट पाळायलाच हवी. अनेक गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅग असते आणि तिचा कपलर बहुधा पिवळा असतो. इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी, पुस्तकात सांगितलेली मिनिटे थांबावे आणि पिवळ्या कपलरला मल्टीमीटर अजिबात लावू नये.

एवढे करूनही दोष राहिला तर स्कॅनर लावून कोणत्या सेन्सरचा कोड येतो ते पाहावे. मॉड्यूल बदलण्याचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यावा. नव्या मॉड्यूलला बऱ्याच गाड्यांत कोडिंग लागते आणि ते काम अधिकृत वर्कशॉपमध्येच करून घ्यावे.