मॅप्स रस्ता शोधतं, पण रस्ते ठरवतं कोण? ग्रोनिंगेन आणि गेंटची गोष्ट

मॅप्समध्ये पत्ता टाकला की दोन सेकंदांत निळी रेघ समोर येते. कारच्या चिन्हावर टॅप केलं तर एक रेघ, चालणाऱ्या माणसाच्या चिन्हावर केलं तर दुसरी. आपण मिनिटं बघतो आणि निघतो. ही रेघ अल्गोरिदम काढतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण कुठल्या रस्त्यावरून कोणी जायचं आणि कोणी नाही, हे मुळात कोण ठरवतं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कॉलेजात 'शॉर्टेस्ट पाथ' हा धडा परीक्षेपुरता केला होता. पुढे युरोपातल्या शहरांच्या वाहतूक नियोजनाबद्दल वाचायला लागलो, तेव्हा तोच धडा रस्त्यावर उतरलेला दिसला. नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन आणि बेल्जियममधलं गेंट या दोन शहरांनी काय केलं, ते आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी ग्राफ म्हणजे काय?

फोनला शहर आपल्यासारखं दिसत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक चौक म्हणजे एक बिंदू आणि दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एक जोडणी. प्रत्येक जोडणीवर एक आकडा असतो, म्हणजे तिथून जायला किती वेळ लागतो तो. बिंदू, जोडण्या आणि आकडे यांच्या या जाळ्याला ग्राफ म्हणतात. एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जाताना आकड्यांची बेरीज कमीत कमी येईल अशी वाट शोधायची, एवढंच काम.

हे काम झटपट करण्याची पद्धत एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून साधारण २० मिनिटांत ती सुचली, असं त्यांनी नंतर सांगितलं होतं. आर्मॅक नावाच्या नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी ६४ डच शहरांचा नकाशा घेतला होता. आणि प्रश्न कुठला? रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता! आजच्या नेव्हिगेशन ॲप्समध्ये याच कल्पनेच्या बऱ्याच सुधारलेल्या आवृत्त्या वापरल्या जातात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अल्गोरिदमला जो ग्राफ दिला, तो त्याच्यासाठी अंतिम. अमुक जोडणी का आहे आणि तमुक का नाही, हे तो विचारत नाही. शिवाय कारचा ग्राफ वेगळा, सायकलचा वेगळा आणि पायी चालणाऱ्याचा वेगळा. एकच गल्ली एका ग्राफमध्ये असू शकते आणि दुसऱ्यात नसू शकते.

ग्रोनिंगेन, १९७७: बंदी नाही, फक्त वळसा

डायक्स्ट्रांच्या उदाहरणातलं तेच ग्रोनिंगेन वीसेक वर्षांनी आपला ग्राफच बदलायला निघालं. तेव्हा युरोपातल्या इतर शहरांसारखंच तिथलं जुनं मध्यवर्ती शहर गाड्यांनी भरून गेलं होतं. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गाड्यांचं मध्यवर्ती भागात काही कामच नसे. या टोकाकडून त्या टोकाला जायला तो शॉर्टकट होता, बस्स.

मॅक्स व्हॅन डेन बर्ग हे तिथले तरुण लोकप्रतिनिधी, तेव्हा वयाच्या विशी-तिशीत. त्यांच्या पुढाकाराने वाहतूक अभिसरण योजना तयार झाली आणि सप्टेंबर १९७७ मध्ये ती अमलात आली. मध्यवर्ती शहराचे चार भाग केले. कारने कुठल्याही भागात जाता येत होतं, पण एका भागातून थेट शेजारच्या भागात जाता येत नव्हतं. आधी बाहेरच्या रिंगवर यायचं, वळसा घालायचा आणि मग दुसऱ्या भागात शिरायचं. सायकल आणि पायी मात्र पूर्वीसारखंच सरळ.

आकड्यांत बघू. हे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत.

आधी: पूर्व भागातून पश्चिम भागात कारने ५ मिनिटं, सायकलने ८ मिनिटं.

नंतर: कारने रिंगपर्यंत ४, रिंगवर ५, परत आत ४, म्हणजे १३ मिनिटं. सायकलने तीच ८ मिनिटं.

कोणाची गाडी काढून घेतली नाही, कोणाला सायकल घ्या म्हणून भाषण दिलं नाही. कारच्या ग्राफमधल्या मोजक्या जोडण्या काढल्या आणि सायकलच्या तशाच ठेवल्या. छोट्या अंतरासाठी सायकल आपोआप जलद ठरली. दुकानदारांचा विरोध जोरदार होता, कारण गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी होती. पण योजना टिकली. आज ग्रोनिंगेन शहरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात. अर्थात यामागे नंतरच्या काही दशकांत बांधलेले सायकलमार्ग आणि पार्किंगचे नियमही आहेत. एका रात्रीत झालेलं हे काम नाही.

गेंट, २०१७: तोच उपाय, कॅमेऱ्यांसह

चाळीस वर्षांनी बेल्जियममधल्या गेंटने हीच कल्पना घेतली. लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास, जुनं शहर, अरुंद रस्ते. ३ एप्रिल २०१७ पासून मध्यभागी पादचारी क्षेत्र आणि त्याभोवती सहा भाग अशी रचना लागू झाली. एका भागातून दुसऱ्यात कारने जायचं तर आर-४० या रिंग रोडवरून.

बराचसा बदल पाट्या, रंगाचे पट्टे, अडथळे आणि एकेरी रस्ते यांनीच झाला. जोडीला नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे होते. बस, रुग्णवाहिका आणि परवाना असलेल्या गाड्यांना पादचारी क्षेत्रातून जाता येतं, बाकीच्यांना दंड. म्हणजे 'ही जोडणी कोणासाठी उघडी' याची एक यादीच. सर्व्हरवर आपण परवानग्यांची यादी ठेवतो, तसंच.

पहिल्या वर्षातल्या मोजणीत गर्दीच्या वेळी सायकलस्वार सुमारे २५ टक्के वाढले आणि कार सुमारे १२ टक्के कमी झाल्या. विरोध इथेही झाला. योजनेची जबाबदारी असलेले उपमहापौर फिलिप वातेऊ यांच्यावर सडकून टीका झाली, पण २०१८ च्या निवडणुकीनंतरही ते पदावर राहिले.

मग त्या गाड्या गेल्या कुठे?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. एक रस्ता बंद केला तर शेजारचा तुंबणारच ना? सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन यांनी २००२ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ११ देशांतली ७० हून जास्त उदाहरणं होती. काही वाहतूक शेजारच्या रस्त्यांवर जाते, हे खरंच. पण बऱ्याच ठिकाणी काही वाहतूक चक्क नाहीशी झाली. कोणी वेळ बदलली, कोणी दोन कामं एका फेरीत उरकली, कोणी बस किंवा सायकल धरली. हे सगळीकडे सारखं होत नाही. दुसरा पर्याय आहे की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

गणितातही याचा एक भाऊ आहे. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्यावर कधीकधी सगळ्यांचाच प्रवास लांबतो. कारण प्रत्येक जण फक्त स्वतःची मिनिटं वाचवायला जातो आणि सगळे एकाच ठिकाणी अडकतात.

आपल्या फोनचंही तसंच आहे. ॲपला तुमची दोन मिनिटं वाचवायची असतात, म्हणून ते तुम्हाला एखाद्या गल्लीतून पाठवतं. हजार जणांना पाठवलं की ती गल्ली हायवे होते. तिथे खेळणारी मुलं, ओट्यावर बसलेल्या आजी, शाळेत चालत जाणारी पोरं यांच्यासाठी ग्राफमध्ये आकडाच नाही. तो आकडा ॲप घालणार नाही. शहरालाच घालावा लागतो, आणि तोच नियोजनाचा मुद्दा आहे.

नियोजन म्हणजे नुसते रस्ते बंद करणं नाही

युरोपियन कमिशनने २०१३ मध्ये शाश्वत शहरी वाहतूक आराखड्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. त्यातला मुख्य बदल असा: रस्त्यावरून किती गाड्या गेल्या हे मोजण्याऐवजी किती माणसं आपल्या कामाच्या ठिकाणी नीट पोचली, ते बघा. आधी मोजा, लोकांशी बोला, बदल करा आणि पुन्हा मोजा. २०२४ च्या युरोपीय नियमानुसार चारशेहून जास्त शहरांना २०२७ अखेरपर्यंत असा आराखडा करायचा आहे.

किंमतही मोजावी लागते. ज्यांना गाडीशिवाय चालतच नाही, त्यांचा प्रवास लांबतो. रिंग रोडजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला जास्त गाड्या येऊ शकतात. म्हणून 'पुन्हा मोजा' ही पायरी गाळून चालत नाही. कोडमध्ये टेस्ट लिहिल्याशिवाय बदल लाइव्ह करत नाहीत ना, तसंच समजा.

फोनवर करून बघा

१. मॅप्समध्ये ग्रोनिंगेन उघडा. मध्यभागी ग्रोटे मार्क्ट नावाचा चौक सापडेल. त्याच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक ठिकाण निवडा.

२. आधी कारचा रस्ता बघा, मग सायकलचा. कारची रेघ बहुतेक वेळा बाहेरून वळसा घेते आणि सायकलची मधून जाते. १९७७ चा निर्णय तुमच्या स्क्रीनवर आजही दिसतो.

३. आता ओपनस्ट्रीटमॅपच्या वेबसाइटवर आपली स्वतःची गल्ली शोधा. नकाशाच्या बाजूला प्रश्नचिन्हाचं बटण आहे. ते दाबून रस्त्यावर क्लिक केलं की त्याचे टॅग दिसतात: एकेरी आहे का, वेगमर्यादा किती, सायकलला परवानगी आहे का. ही माहिती स्वयंसेवक भरतात. अकाउंट काढून चुकलेला टॅग तुम्हीही दुरुस्त करू शकता, फक्त रस्त्यावर प्रत्यक्ष जे आहे तेच भरा.

टॅग बदलला म्हणून रस्ता बदलत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. गल्लीतून गाड्यांचा शॉर्टकट बंद व्हावा असं वाटत असेल, तर त्यासाठी गाड्या मोजून, फोटो काढून वॉर्ड ऑफिसातच जावं लागेल.