नेपच्यूनच्या पलीकडे

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. चरितार्थासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली; मन मात्र आकाशात रमले. पंचांगात छापलेली ग्रहस्थिती आणि डोळ्यांना दिसणारे ग्रह यांचा मेळ बसेना, हे त्यांस खटकत होते. म्हणून युरोपातील नव्या शोधांच्या आधारे त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला. एवढी आकडेमोड, आणि तीही शाळा सांभाळून!

१९११ साली त्यांनी याहून धाडसाचे गणित मांडले. गुरूच्या एका उपग्रहाची एक प्रदक्षिणा होते, तोच त्याच्या आतील उपग्रहाच्या दोन व त्याहूनही आतल्याच्या चार होतात. या मेळाचे गणित फ्रेंच गणिती लाप्लास यांनी उलगडले होते. दूरच्या ग्रहांतही असाच मेळ असावा, असे मानून केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह कल्पिले व त्यांस ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. सूर्यापासून पृथ्वी जितकी दूर, त्याच्या सुमारे ३९ पट ब्रह्मा दूर असावा व त्याची प्रदक्षिणा सुमारे २४२ वर्षांची असावी, असे उत्तर आले. फ्रान्समधील ज्योतिर्विदांच्या पत्रिकेत ते प्रसिद्ध झाले.

फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, प्रदक्षिणा २४८ वर्षांची! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले. हा योगायोगही असेल; कारण ब्रह्मा आकाशात नेमका कोठे शोधावा, हे त्यांच्या गणितात नव्हते. २००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. विष्णू मात्र कोणासही सापडलेला नाही.