गोदावरीकांठाहून तंजावरास



आपल्या मराठवाड्यांतील मनुष्याला लहानपणीं ज्या दूरच्या नगरांची ओढ लागते, त्यांत काशी असते, पंढरी असते, एखाद्याच्या मनांत मुंबईहि असते. माझ्या मनांत तंजावर होतें. परभणीजवळच्या पोखर्णीसारख्या नृसिंहाच्या गांवीं वाढलेल्या मुलाच्या डोक्यांत कावेरीकडचें शहर कोठून शिरलें, असें आपण विचाराल. त्याला कारण झाली एक बाहुली. कशीहि आडवी पाडली तरी डुलत डुलत पुन्हां उभी राहणारी ती तंजावरी बाहुली आमच्या गुरुजींच्या टेबलावर असे, आणि तेथें मराठी राजे होते, एवढेंच ते सांगत. पुढें मीं स्वतः मुलांना इतिहास शिकविला. पण पुस्तकांत तंजावरच्या वांट्याला दोन-चार ओळींहून अधिक कांहीं आलें नाहीं. साठी उलटल्यावर तें शहर पाहण्याचा योग आला. तेथें काय पाहावें आणि तें तेथें कसें आलें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

तेथील मोठें देऊळ मराठ्यांनीं बांधलेलें नाहीं, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. तें राजराज चोळानें उभारलें व इ. स. १०१० मध्यें पुरें झालें. शिखराची उंची सुमारें दोनशें फूट. आपल्या वेरूळचें कैलास डोंगर पोखरून वरून खालीं आणलेलें आहे. येथें दगडावर दगड चढवून डोंगर रचला आहे. आणि योगायोग असा कीं, सुमारें साडेसहाशें वर्षांनीं या देवळाचे पालक झालेले भोसले मूळचे त्याच वेरूळचे पाटील! मालोजींचे पुत्र शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरींत बंगळुरास गेले. त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधु, यांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलें. त्यांना तिकडे एकोजी म्हणतात. तेव्हांपासून १८५५ पर्यंत ही गादी चालली. साताऱ्याची गादी १८४८ मध्यें खालसा झाली. ही तिच्याहून सात वर्षें अधिक टिकली.

या वंशांतील दुसरे सरफोजी यांच्याविषयीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे. ते १७९८ मध्यें गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीं झालेल्या तहानें राज्यकारभार इंग्रजांच्या हातीं गेला. राजाकडे किल्ला आणि तनखा, एवढेंच काय तें उरलें. अशा स्थितींत पुष्कळ संस्थानिकांचे दिवस शिकारींत आणि नाचरंगांत गेले, हें आपण जाणतां. सरफोजींनीं पुस्तकें जमविलीं. सरस्वती महाल हें ग्रंथालय पूर्वींच्या नायक राजांच्या वेळचें. परंतु त्याला वैभव आणलें तें सरफोजींनीं. काशीयात्रेस गेले तेथूनहि त्यांनीं हस्तलिखितें आणिलीं. संग्रहांत संस्कृताचा भरणा सर्वांत मोठा. तामीळ, तेलुगु ग्रंथ आहेतच. आणि मराठी हस्तलिखितें तीन हजारांच्या घरांत आहेत. दरबारच्या मोडी कागदांचे गठ्ठे आणखी वेगळे. राजांनीं छापखानाहि काढला होता. इसापच्या गोष्टींचें मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नांवानें तेथें १८०६ मध्यें छापून निघालें. ज्यानें जन्मभर मास्तरकी केली, त्याला ही गोष्ट किल्ल्यावरील सर्व तोफांहून मोठी वाटते. पुण्यास तेव्हां पेशवाई होती, आणि तेथील मुलांच्या हातीं छापील मराठी गोष्टी पडावयास अजून पुष्कळ अवकाश होता.

आतां त्या भिंतीकडे वळतों, जिच्यासाठीं मी मुख्यतः गेलों. मोठ्या देवळाच्या प्राकाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याच्या बाजूला १८०३ मध्यें, म्हणजे तहानंतर चारच वर्षांनीं, सरफोजींनीं आपल्या घराण्याचा इतिहास मराठींत कोरविला. मजकूर चिटणीस बाबुराय यांचा. मराठींतील अतिविस्तृत शिलालेखांत याची गणना होते. सत्ता गेल्यावर वंशाची कथा नुसती कागदाच्या भरंवशावर सोडूं नये, असें राजाच्या मनांत आलें असावें. निदान माझा तर्क तसा आहे. लिपि मोडी नसून देवनागरी आहे. त्यामुळें आपल्याकडील शाळेंत चार यत्ता शिकलेलें मूलहि बोट ठेवून अक्षरें लावूं शकेल. भाषा जुन्या वळणाची असल्यानें अर्थाला मात्र थोडें थांबावें लागतें.

देवळांत माणसांची रीघ होती, पण भिंतीपाशीं उभें राहून वाचणारा कोणी दिसेना. आपली माणसें तेथवर फारशीं जात नाहींत. आणि जीं तेथलींच आहेत त्यांची अडचण निराळी. तंजावर-कुंभकोणकडे आजहि मराठी घरें आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव अशाच घराण्यांतले, कुंभकोणास जन्मलेले. पिढ्यान् पिढ्या हे लोक घरीं मराठी बोलत आले. त्यांच्या बोलण्यांत तामीळची लकब शिरली आहे, आणि आपण विसरलेले कांहीं शब्दहि टिकले आहेत. पण शाळा तामीळची किंवा इंग्रजीची. त्यामुळें बोलणाऱ्यांपैकीं बहुतेकांना आपल्याच भाषेचें अक्षर वाचतां येत नाहीं. आपणांपाशीं अक्षर आहे, त्यांच्यापाशीं ती भिंत.

तेथें अशाच एका घरचे वृद्ध गृहस्थ भेटले. मी वाचूं लागलों, तसे ते शेजारीं येऊन उभे राहिले. मीं एक ओळ वाचावी आणि त्यांनीं कांहीं शब्दांशीं थांबवावें. दोन शब्द तर मला अडले आणि त्यांना ते घरांतल्या बोलण्यामुळें ठाऊक निघाले. दुपारीं देऊळ बंद व्हावयाची वेळ झाली, तेव्हां लेखाचा लहानसाच भाग पुरा झाला होता. सायंकाळीं ते पुन्हां आले ते नातीला घेऊन. तिला मीं ‘शहाजी’ हीं अक्षरें दाखविलीं; तिनें तीं तामीळ लिपींत आपल्या वहींत उतरून घेतलीं आणि खालीं माझ्याकडून मराठींत लिहवून घेतलीं. पोखर्णीस परतल्यावर मीं पहिलीचें मराठी पुस्तक व एक अंकलिपि टपालानें तिच्याकडे पाठविली आहे.