मातीतून डांबरावर : केसी स्टोनरची बारा वर्षे

२००० सालच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या १४ वर्षांच्या मुलाने माझ्यापुढे एक छापील अर्ज ठेवला. पुण्यात होणाऱ्या, मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीचा तो प्रवेशअर्ज होता. खाली पालकांच्या सहीसाठी एक ओळ मोकळी होती. मी तेव्हा दुचाकींच्या कारखान्यात चाचणी विभागात नोकरीला होतो. गाडी घसरल्यावर माणसाच्या मनगटाचे आणि खांद्याचे काय होते, हे मी जवळून पाहिले होते. मी सही केली नाही. त्याने कारण विचारले तेव्हा एवढेच म्हणालो, "यात पुढं काही नाही."

सात वर्षांनी, २००७ च्या सप्टेंबरमध्ये, जपानमधील मोतेगीच्या सर्किटवर २१ वर्षांचा एक ऑस्ट्रेलियन मुलगा मोटोजीपीचा जगज्जेता झाला. केसी स्टोनर त्याचे नाव. तो माझ्या मुलाच्याच वयाचा. त्याच्याविषयी वाचू लागलो आणि एका तपशिलापाशी थबकलो. ज्या वर्षी मी सही नाकारली, त्याच वर्षी त्याच्या आईवडिलांनी होते नव्हते ते विकून मुलाला शर्यतीसाठी इंग्लंडला नेले होते.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. असा रेसर वर येतो म्हणजे नेमके काय घडते? 'जन्मजात प्रतिभा' हे उत्तर सोपे आहे, पण त्याने काहीच कळत नाही. स्टोनरची बारा वर्षे तपासल्यावर मला तीन गोष्टी दिसल्या : लहानपणी मातीत मुरलेली एक विद्या, वयाच्या नियमांनी बांधलेली एक शिडी, आणि त्या शिडीचे भाडे भरणारे घर. यांतली एकही नसती, तरी हे नाव आपल्यापर्यंत पोचले नसते.

मातीची शाळा

स्टोनरचा जन्म १६ ऑक्टोबर १९८५ चा, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या साउथपोर्टचा. पुढे कुटुंब न्यू साउथ वेल्समधील करी करी या गावी गेले. चौथ्या वर्षी तो पहिल्या शर्यतीत उतरला. ती नऊ वर्षांखालील मुलांची होती. तिथून चौदाव्या वर्षापर्यंत वडील कॉलिन आणि आई ब्रॉनविन यांनी त्याला घेऊन देशभरचे मातीचे ट्रॅक पालथे घातले. बाराव्या वर्षी एकाच शनिवार-रविवारी तो पाच वेगवेगळ्या गटांत मिळून ३५ शर्यती धावला आणि त्यांतल्या ३२ जिंकला.

यातला आकडा मोठा आहे, पण माझ्या मते महत्त्व जमिनीचे आहे. डांबरी ट्रॅकवर रबर रस्त्याला घट्ट धरून असते, आणि ही पकड सुटली की गाडी पडते, असे आपण समजतो. मातीवर ती पकड मुळातच नसते. अंडाकृती ट्रॅकवर मुले डाव्या हाताच्या वळणात गाडी घालतात, मागचे चाक बाहेरच्या बाजूला घसरू देतात, पुढचे चाक घसरणीच्या दिशेला वळवतात आणि उजव्या मुठीतली रेस कमीजास्त करत गाडीचे तोंड हवे तिकडे आणतात. हँडलने गाडी वळवण्यापेक्षा मागच्या चाकाने वळवणे, हा तिथला पहिला धडा.

यामागचे यंत्रशास्त्र साधे आहे. वळणात पुढचे चाक घसरले, तर सावरायला क्षणही मिळत नाही. गाडी खालून निघून जाते. मागचे चाक घसरले, तर रायडरच्या हाती अजून एक साधन उरते, रेस. किती घसरू द्यायचे आणि कुठे थांबवायचे, हे तो मुठीने ठरवू शकतो. मात्र ते ठरवायला विचार करण्याइतका वेळ नसतो. शरीरालाच ते माहीत असावे लागते, आणि शरीर ते लहानपणी, शेकडो वेळा पडून शिकते.

ही विद्या स्टोनरने शोधलेली नव्हे. १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसीचे जगज्जेतेपद मिळवणारा अमेरिकन केनी रॉबर्ट्स मातीच्याच ट्रॅकवरून आला होता. २००६ चा विजेता निकी हेडनही तिथलाच. आज युरोपातले अव्वल रायडरही सरावासाठी मातीवर जातात. व्हॅलेंटिनो रॉसीने तर इटलीतील ताव्हुलिया या आपल्या गावाजवळ मातीचा ट्रॅकच बांधून घेतला.

वयाची शिडी

ऑस्ट्रेलियात तेव्हा डांबरी सर्किटवर शर्यत करायला वयाची अट १६ वर्षांची होती. इंग्लंडमध्ये ती १४ ची. दोन वर्षे थांबणे किंवा देश सोडणे, असे दोनच मार्ग होते. स्टोनर कुटुंबाने देश सोडला. हाताशी पैसा थोडा, मुक्काम बराच काळ कॅराव्हॅनमध्ये. त्याच २००० साली मुलाने इंग्लंडमधील १२५ सीसी ॲप्रिलिया मालिका जिंकली. स्पेनचे माजी रायडर अल्बेर्तो पुइग यांच्या नजरेत तो भरला आणि पुढच्या वर्षी स्पॅनिश मालिकेत धावू लागला. २००१ मध्येच पाहुणा रायडर म्हणून त्याला जागतिक शर्यतीत संधी मिळाली; ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला तो १२५ सीसीमध्ये बारावा आला. पंधरा वर्षांवरून सोळाव्यात पाऊल टाकताना!

या शिडीची रचना वाचकांनी ध्यानात घ्यावी. तेव्हा जागतिक स्पर्धेत तीन पायऱ्या होत्या : १२५ सीसी, २५० सीसी आणि मोटोजीपी. खालच्या पायऱ्यांवर बहुतेकांना पगार नसतो. उलट चांगल्या संघात बसायला प्रायोजकाचा पैसा सोबत आणावा लागतो. वर चढणे सरळही नसते. लुचो चेक्कीनेल्लो यांच्या संघाने स्टोनरला २००२ मध्ये थेट २५० सीसीमध्ये उतरवले. वर्षभरात एकदाही तो पहिल्या तिघांत आला नाही. २००३ मध्ये तो एक पायरी खाली, १२५ मध्ये आला आणि मोसमाच्या शेवटी व्हॅलेन्सियाला पहिली जागतिक शर्यत जिंकला. २००४ मध्ये मलेशियात केटीएम कंपनीला तिचा पहिला ग्रां प्री विजय त्यानेच मिळवून दिला. २००५ मध्ये पुन्हा २५०. या वेळी पाच विजय आणि दानी पेद्रोसाच्या मागे दुसरा क्रमांक. एक पाऊल मागे घेण्याची तयारी संघाची आणि मुलाची, दोघांची होती, म्हणून पुढचे दोन पडले.

२००६ मध्ये तो मोटोजीपीत पोचला. दुसऱ्याच शर्यतीत, कतारला, सर्वांत पुढची जागा मिळवली. पण वर्षभर तो इतक्या वेळा पडला की त्याच्या आडनावावर कोटी करून लोक त्याला 'रोलिंग स्टोनर' म्हणू लागले. मोसमाअखेर तो आठवा होता. या टप्प्यावर बहुतेक नावे पुसली जातात.

न वळणारी गाडी

२००७ मध्ये इटलीच्या डुकाटीने त्याला घेतले. त्या वर्षीपासून इंजिनाची मर्यादा ९९० सीसीवरून ८०० सीसीवर आणि इंधन २२ लिटरवरून २१ लिटरवर आले होते. डुकाटीचे इंजिन जबर ताकदीचे होते. तिच्या इंजिनात झडपा बंद करायला स्प्रिंग नसते. उघडणे आणि मिटणे दोन्ही कामे यांत्रिक रचनाच करते, त्यामुळे फार वेगाने फिरतानाही झडपा चुकत नाहीत. सरळ रस्त्यावर ती सगळ्यांना मागे टाकी. वळणात मात्र तिचे पुढचे चाक विश्वास देत नसे. गाडी बाहेरच्या बाजूला जाऊ पाही.

स्टोनरने १८ पैकी १० शर्यती जिंकल्या आणि ३६७ गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरच्या पेद्रोसाचे गुण २४२ होते. टीकाकार म्हणाले, गाडी वेगवान, टायर चांगले, यात मुलाचे काय? मी कारखान्यात चाचण्या घेतलेला माणूस. तुलना करायची तर एक घटक बदलावा आणि बाकीचे तसेच ठेवावेत, ही आमची सवय. इथे ती सोय होती. तीच गाडी, तेच टायर घेऊन त्याचा सहकारी, अनुभवी लोरिस कापिरोस्सी, त्या वर्षी एक शर्यत जिंकून सातवा आला. २००८ मध्ये सहकारी होता मार्को मेलांद्री, २००५ चा उपविजेता. तो सतरावा आला. स्टोनर सहा विजयांसह दुसरा. २०११ मध्ये स्वतः रॉसी डुकाटीवर बसला आणि दोन वर्षांत एकही शर्यत जिंकू शकला नाही. स्टोनरने चार वर्षांत त्या कंपनीच्या गाड्यांवर २३ जिंकल्या होत्या.

याचा उलगडा मला मातीत सापडतो. पुढचे चाक साथ देत नसेल, तर बाकीच्यांची कला तिथेच संपत होती. याने पुढच्या चाकावर कधी फार भिस्त ठेवलीच नव्हती. तो मागचे चाक घसरवून गाडीचे तोंड वळवी.

पण या विद्येची एक काळी बाजू आहे. रायडर यंत्राचा दोष आपल्या हाताने झाकत राहिला, की तो दोष कारखान्याला दिसत नाही. स्टोनर जिंकत होता तोवर गाडी न वळण्याची गोष्ट एका माणसाची तक्रार वाटत असावी, असे माझे मत आहे. तो गेल्यावर ती सगळ्यांची झाली. डुकाटीला पुढचे जगज्जेतेपद मिळाले ते २०२२ मध्ये, पेक्को बान्याइयाकडून. मध्ये पंधरा वर्षे गेली.

शरीराचा हिशेब

२००९ च्या मध्यावर स्टोनरला असा थकवा जाणवू लागला की शर्यत संपताना तो उभा राहू शकत नसे. त्याने तीन शर्यती सोडल्या. काहींनी त्याच्या मनाच्या कमकुवतपणाबद्दल लिहिले. पुढे दुधातली साखर त्याला पचत नाही असे निदान झाले. शर्यतींच्या काळात आपल्याला अतोनात चिंता ग्रासत असे, हेही त्याने निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी सांगितले.

२०११ मध्ये तो होंडाकडे गेला, दहा शर्यती जिंकला आणि १६ ऑक्टोबरला, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, फिलिप आयलंडच्या घरच्या सर्किटवर दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. पुढच्याच रविवारी मलेशियात मार्को सिमोनचेल्ली शर्यतीत मृत्युमुखी पडला. मे २०१२ मध्ये, फ्रान्सच्या शर्यतीच्या तोंडावर, स्टोनरने जाहीर केले की मोसमाअखेर आपण थांबणार. घरात तीन महिन्यांची मुलगी होती. ज्या खेळावर प्रेम केले तो आता आनंद देत नाही, असे त्याचे सांगणे होते. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला घोट्याला मोठी दुखापत झाली. तरी ऑक्टोबरमध्ये फिलिप आयलंडची शर्यत त्याने सलग सहाव्यांदा जिंकली. निवृत्तीच्या वेळी तो २७ वर्षांचा होता.

त्याच्या वाटेने मग अनेक घरे निघाली. मुले आणखी लहान वयात, आणखी वेगवान गाड्यांवर, मोठ्या गर्दीत धावू लागली. २०२१ या एका वर्षात युरोपातल्या शर्यतींत तीन कोवळे रायडर दगावले. एक १९ वर्षांचा, एक १५ चा, एक १४ चा. त्यानंतर जागतिक स्पर्धेसाठी किमान वय १८ करण्याचा निर्णय झाला. १४ व्या वर्षी देश बदलून वर चढण्याची जी फट स्टोनरला सापडली, ती आता पुष्कळशी बुजवली जात आहे. मला ते योग्य वाटते. आणि तेव्हा तो नियम असता तर हा लेख लिहायला विषय नसता, हेही मला मान्य आहे.

सही

माझा मुलगा आता मेलबर्नला नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे फिलिप आयलंडला गेलो. शर्यत नव्हती. बास सामुद्रधुनीवरून बोचरा वारा येत होता. हे सर्किट घड्याळाच्या उलट दिशेने धावायचे. बारा वळणांपैकी सात डावी, मातीच्या ट्रॅकवर वाढलेल्याला माहेरासारखी. तिसऱ्या वळणाला आता स्टोनरचे नाव आहे. तिथे तो ताशी २०० किलोमीटरच्या पुढे, मागचे चाक घसरवत जाई.

मी मुलाला माझा सगळा अभ्यास सांगितला. शिडी, वय, पैसा, शेकडो मुलांतून एखादाच वर पोचतो ते. एका परीने मी माझ्या न केलेल्या सहीचे समर्थनच मांडत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाबा, मला कुठं चँपियन व्हायचं होतं? मला फक्त त्या एका शर्यतीत उतरायचं होतं. तुम्ही 'पुढं काही नाही' म्हणालात, पण मी पुढचं विचारलंच नव्हतं."

परतीच्या वाटेवर गाडी तोच चालवत होता. एवढी वर्षे मी स्टोनर का वर चढला, हे शोधत होतो. तो का उतरला, याकडे माझे नीट लक्षच गेले नव्हते. चार वर्षांच्या मुलाला मातीवर जे मिळाले होते, ते सत्ताविसाव्या वर्षी वरच्या पायरीवर उरले नाही, एवढेच त्याचे कारण होते. तो अर्ज मी फाडला नव्हता. पुण्याच्या घरी कपाटातल्या जुन्या फाइलीत तो अजून आहे, आणि सहीची ओळ तशीच मोकळी आहे.