संगणक-आज्ञावलीतील घटकांचा मेळ

संगणकाची मोठी आज्ञावली आज एकट्यादुकट्याच्या हातून क्वचितच सिद्ध होते. अनेक जण निरनिराळ्या ठिकाणी बसून तिचे भाग लिहितात. शिवाय इतरांनी लिहून ठेवलेले शेकडो तयार घटक तीत वापरले जातात. या सर्वांचा मेळ राखणे हे लेखनाइतकेच महत्त्वाचे काम होय.

लिहिलेल्या मजकुरातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्यासाठी 'गिट' ही प्रणाली वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये तयार केली. बाहेरून आणलेले घटक मात्र सामान्यतः गिटच्या भांडारात न ठेवता त्यांची केवळ यादी ठेवली जाते. अडचण उद्भवते ती येथेच. यादीत पुष्कळदा 'अमुक आवृत्ती किंवा तिच्या नंतरची' अशी सैल अट असते. परिणामी जानेवारीत काम सुरू करणाऱ्याकडे एक आवृत्ती येते, तर मार्चमध्ये रुजू झालेल्याकडे दुसरी. एकाकडे सुरळीत चालणारी आज्ञावली दुसऱ्याकडे अडते आणि दोष शोधण्यात दिवस खर्ची पडतात.

लॉक फाइलचा उपाय

यावर उपाय म्हणजे 'लॉक फाइल'. तीत प्रत्येक घटकाची, तसेच त्याला लागणाऱ्या उपघटकांचीही नेमकी आवृत्ती नोंदलेली असते. ही फाइल मूळ यादीबरोबर एकाच वेळी गिटमध्ये नोंदवावी. सहकाऱ्याचे बदल आणल्यावर ती बदललेली आढळली, तर घटक पुन्हा बसवून घ्यावेत. दोघांच्या बदलांत विरोध आल्यास ती हाताने न जुळवता साधनाकडूनच नव्याने तयार करून घ्यावी. गटाचा स्वतःचा सामाईक कोड वेगळ्या भांडारात असेल, तर गिटमधील 'सबमॉड्यूल' त्याची नेमकी नोंद निश्चित करते. मात्र प्रत्येकाने ते आपल्याकडे वेळोवेळी अद्ययावत केले पाहिजे.

दोन धडे

मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या कर्त्याने 'एनपीएम' या सार्वजनिक संग्रहातून काढून घेतला आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची उभारणी अडली. आवृत्ती निश्चित केली तरी घटक उपलब्ध राहीलच असे नाही. म्हणून महत्त्वाच्या घटकांची प्रत स्वतःजवळ असावी, हा पहिला धडा.

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या घटकातील गंभीर सुरक्षा-दोष उघडकीस आला. ज्यांच्याकडे आवृत्त्यांची अचूक नोंद होती, त्यांना आपण धोक्यात आहोत किंवा नाही हे लवकर कळू शकले. मात्र नोंद केलेली आवृत्ती कायमची नव्हे. ठरावीक काळाने, चाचणी घेऊन आणि सर्वांनी एकाच वेळी ती बदलावी, हा दुसरा धडा.