सेलच्या रॅकवरून काय उचलावं, काय ठेवावं

महिन्याची २५ तारीख उलटली, की वस्तीतल्या सेलच्या दुकानात गर्दी वाढते. पाटीवर नाव काहीही असो, लोक त्याला ‘लॉटचं दुकान’च म्हणतात. मोठ्या खोक्यांत ओतून ठेवलेले बिस्किटांचे पुडे, कडेला चेपलेले अननसाचे डबे, दिवाळीनंतर उरलेली सुकामेव्याची गिफ्ट पॅक, लेबल फाटलेल्या सॉसच्या बाटल्या आणि शाम्पू. सगळं छापील किमतीच्या निम्म्यात, कधी त्याहूनही कमी. ज्या घरात किराण्याचं बिल पगाराचा मोठा हिस्सा खातं, त्या घरासाठी ही बचत खरीखुरी असते.

या दुकानांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही जण तिथला माल खराबच असणार असं धरून पायरीही चढत नाहीत. काही जण स्वस्त आहे म्हणून हाताला येईल ते पिशवीत टाकतात. दोघांचंही नुकसान होतं. पहिल्याचं खिशाचं, दुसऱ्याचं कधी खिशाचं तर कधी तब्येतीचं. कोणती वस्तू निर्धास्त घ्यावी आणि कोणती फुकट मिळाली तरी नको म्हणावी, हे ठरवायला थोडं अन्नशास्त्र पुरतं.

हा माल येतो कुठून?

वितरकाकडे माल उरतो याची कारणं बहुतेकदा साधी असतात. वाहतुकीत बाहेरचं खोकं फाटतं, कंपनी वेष्टनाचं डिझाइन बदलते, सण संपतो आणि सणाचं पॅकिंग उरतं. सर्वांत मोठं कारण म्हणजे तारीख. मोठी दुकानं शेवटचे काही आठवडे उरलेला माल घ्यायला नाखूश असतात. ऑनलाइन विक्रेत्यांना तर अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) सांगितलं आहे, की ग्राहकाच्या हाती पडताना वस्तूचं ३० टक्के आयुष्य किंवा मुदतीपूर्वीचे ४५ दिवस शिल्लक असावेत. यात न बसणारा माल मग घाऊक भावात विकला जातो. अमेरिकेतही अशी दुकानं आहेत. पेनसिल्वेनियात आमिश समाजाची कुटुंबं चालवतात त्या दुकानांना ‘बेंट अँड डेंट’, म्हणजे वाकलं-चेपलेलं, असंच नाव पडलं आहे.

या कारणांपैकी एकानेही आतलं अन्न आपोआप बिघडत नाही. धोका असतो तो पावसाळ्यात पाणी शिरलेल्या, आग लागलेल्या किंवा उन्हात तापलेल्या गोदामातल्या मालाचा. पुराचं पाणी म्हणजे गटाराचंही पाणी. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांमध्ये ते साचतं आणि झाकण उघडताना तोंडाशी येतं. म्हणून पाण्याचे डाग, फुगून वाळलेला पुठ्ठा, गंजलेलं झाकण किंवा धुराचा वास दिसला, की किंमत न पाहता ती वस्तू सोडून द्यावी.

तारीख नेमकं काय सांगते?

पाकिटावर दोन प्रकारच्या मुदती दिसतात आणि त्यांचा अर्थ वेगळा आहे. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची मुदत आहे. सांगितल्याप्रमाणे साठवलं तर तोवर चव, कुरकुरीतपणा आणि वास कंपनीने ठरवल्याप्रमाणे राहील, असं ती सांगते. त्यानंतरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही मात्र शेवटची तारीख. त्यानंतर ती वस्तू विकू नये आणि खाऊ नये. आपल्याकडे २०२०च्या लेबलिंग नियमांनी उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी छापणं बंधनकारक केलं आहे. ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक आहे. मुदत संपलेला खाद्यपदार्थ विकल्यास अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २७नुसार विक्रेता जबाबदार ठरतो. तेव्हा मुदत जवळ आलेला माल स्वस्तात विकणं हा कायदेशीर व्यवहार आहे आणि मुदत संपलेला विकणं हा गुन्हा.

डेन्मार्कमध्ये ‘बेस्ट बिफोर’ उलटलेलं पण खाण्याजोगं अन्न विकता येतं. कोपनहेगनमध्ये २०१६ साली ‘वीफूड’ नावाचं दुकान अशाच अतिरिक्त मालासाठी सुरू झालं. यामागे कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतलं होतं.

पाणी कमी, काळजी कमी

पापड वर्षभर टिकतो आणि पाव चार दिवसांत बुरसतो. फरक आहे तो जंतूंच्या वापराला मिळणाऱ्या पाण्याचा. अन्नशास्त्रात याला ‘वॉटर अॅक्टिव्हिटी’ म्हणतात. शुद्ध पाण्याची ही पातळी १ धरली, तर पावाची साधारण ०.९५ असते. ०.८५च्या खाली आजार पसरवणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत आणि ०.६च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. बिस्किटं, टोस्ट, कोरड्या शेवया, साखर, मीठ, चहा या वस्तू या रेषेच्या बऱ्याच खाली आहेत. लोणच्यात आणि मुरंब्यात पाणी दिसतं, पण मीठ-साखरेने ते बांधून ठेवलेलं असतं. लोणच्यात वर आंबटपणाही असतो. पाकीट शाबूत असेल तर सेलच्या रॅकवर या वस्तू सर्वांत सुरक्षित.

कोरड्या पदार्थांचा शत्रू वेगळा आहे. त्यातल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन ते खवट होतं. उजेड आणि उष्णता ही क्रिया वेगाने घडवतात, त्यामुळे दारात उन्हात मांडलेल्या फरसाणापेक्षा आतल्या कपाटातलं बरं. गव्हाच्या कणकेत अंकुराचं तेल असतं, म्हणून ती मैद्यापेक्षा लवकर बिघडते. मसाल्याच्या पुडीला सहसा धोका नसतो, पण वास उडालेली हळद किंवा धणेपूड दुप्पट टाकावी लागली, तर बचत कसली?

शेंगदाणे, चिक्की, काजू-बदाम यांच्याबाबत मात्र कडक राहायला हवं. ओल लागलेल्या दाण्यांवर वाढणारी अॅस्परजिलस जातीची बुरशी ‘अफ्लाटॉक्सिन’ हे विष तयार करते. ते यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतं आणि भाजल्याने पूर्णपणे जात नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसं दगावली होती. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून बाकीचे वापरण्यापेक्षा तो पुडाच घेऊ नये.

चेपलेला डबा घ्यावा का?

डब्याच्या मधल्या भागावर उथळ खळगा असेल तर घाबरायचं कारण नाही. खळगा बोट आत जाईल इतका खोल असेल, त्याला टोकदार घडी पडली असेल किंवा तो वरच्या-खालच्या कडेवर अथवा उभ्या सांध्यावर असेल, तर डबा नको. सांध्याला सूक्ष्म भेग पडली की जंतूंना आत वाट मिळते. फुगलेला, गळणारा किंवा उघडताना फवारा उडवणारा डबा तर सरळ टाकूनच द्यावा.

इथे भीती असते ती क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूची. तो हवा नसलेल्या जागी वाढतो आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. कारखान्यात त्यासाठी सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान द्यावं लागतं. पीएच ४.६च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात, तो वाढत नाही. त्यामुळे अननसाच्या डब्यापेक्षा स्वीट कॉर्न, मशरूम, राजमा आणि मासे यांच्या डब्यांबाबत अधिक जागरूक राहावं. त्याच्या विषाने होणारा आजार दुर्मीळ आहे, पण गंभीर. एकाची दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं अशी लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावं. या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. ‘जरा चाखून बघू’ हा प्रयोग संशयित डब्यावर कधीही करू नये.

चिप्सच्या पाकिटाचं गणित उलटं आहे. त्यात नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून ते फुगलेलंच हवं. चपटं झालं असेल तर कुठेतरी छिद्र आहे. ज्यूसचा खोका किंवा दह्याचा डबा फुगला असेल तर आत जंतू कामाला लागले आहेत.

स्वस्त असलं तरी नको

दूध, पनीर, मांस-मासे, गोठवलेले पदार्थ यांचा भरवसा अखंड थंडाव्यावर आहे. पाकिटात बर्फाचे मोठे खडे किंवा आइस्क्रीमचा एका बाजूला कललेला गोळा दिसला, तर ते मध्ये वितळून पुन्हा गोठलं आहे. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या तापमानातही वाढतो आणि गर्भवतींना त्याचा विशेष धोका असतो. बाळाच्या दुधाच्या भुकटीत तर तडजोडच नको. मुदत सरत जाते तशी त्यातली जीवनसत्त्वं घटतात आणि लहानग्याचं सगळं पोषण त्यावरच असू शकतं. प्रलोभनं दाखवून तिची विक्री वाढवायला १९९२च्या कायद्याने मनाईही आहे. औषधं औषधाच्या दुकानातूनच, बिलासह घ्यावीत. सनस्क्रीनची ताकद कमी झाली तर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तारीख पाहूनच घ्यावं. साबण, कपड्यांची पावडर, भांडी घासायचा स्क्रबर मात्र खुशाल घ्या.

डोक्यातला हिशेब

या दुकानातून आपण ठरवल्यापेक्षा जास्त घेऊन का येतो? अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली मांडलं, की खरेदीत दोन प्रकारचं समाधान मिळतं: एक वस्तूच्या उपयोगाचं, दुसरं ‘सौदा जमला’ याचं. दुसऱ्या समाधानासाठी आपण गरज नसलेलीही वस्तू घेतो. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली खरेदी करणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. आवडती वस्तू दिसली की बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित भाग उत्तेजित झाला आणि किंमत जास्त वाटली की अप्रिय भावनांशी निगडित ‘इन्सुला’ हा भाग. निम्म्या किमतीचं लेबल हा दुसरा इशारा दाबून टाकतं, असं म्हणता येईल.

‘फुकट’ या शब्दाची जादू तर आणखी मोठी. एका प्रसिद्ध प्रयोगात उंची चॉकलेट १५ सेंटला आणि साधं १ सेंटला ठेवलं, तेव्हा ७३ टक्के लोकांनी उंची निवडलं. दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली, साधं फुकट झालं आणि ६९ टक्के लोक तिकडे वळले. किमतीतला फरक तेवढाच होता. ‘एकावर एक फ्री’ इथेच आपल्याला गाठतं.

याचा तब्येतीशीही संबंध आहे. सेलच्या रॅकवर डाळी-कडधान्यं क्वचित, बिस्किटं, चिप्स, नूडल्स आणि गोड पेयं जास्त. घरात सहा पुडे आले की ते संपवलेही जातात. दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वस्त मिळालेल्या फरसाण-नूडल्सवर ती मर्यादा लवकर ओलांडली जाते.

दुकानात उभं असताना

यादी घरून करून न्या. तारीख स्वतः वाचा आणि ‘त्या तारखेपर्यंत आमच्या घरात हे संपेल का?’ एवढाच प्रश्न विचारा. दहा दिवस उरलेला पाच किलोचा डबा दोन माणसांच्या घरात स्वस्त पडत नाही. बहुतेक पाकिटांवर ग्रॅम किंवा मिलिलिटरमागचा दर छापलेला असतो. त्याची तुलना नेहमीच्या वाण्याच्या दराशी करा, छापील एमआरपीशी नको. वाणी तसाही एमआरपीहून कमीत देत असतो.

तारीख खोडलेली, पुसट झालेली किंवा तिच्यावर दुसरं स्टिकर लावलेलं असेल तर वस्तू परत ठेवा. नियमानुसार किंमत कमी केल्याचं स्टिकर लावता येतं, पण त्याखाली मूळ एमआरपी झाकता येत नाही. तारीख बदलणारं स्टिकर तर चालतच नाही. बिल मागा. मुदत संपलेला माल विकला जाताना दिसला, तर पाकिटाचा आणि बिलाचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे, ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅपवर किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आधी दुकानदाराला दाखवून पाहा. खोक्यातल्या शेकडो पुड्यांत एखादा नजरचुकीनेही राहिलेला असतो.

घरी आल्यावर मुदत जवळ असलेल्या वस्तू फडताळात पुढे ठेवा आणि नव्या मागे. पुढच्या आठवड्यात कोणता डबा फोडायचा हे त्यावरून ठरवा. निम्म्या किमतीत आणलेला पुडा खाल्ला गेला, तरच ती बचत पदरात पडते.