होडी कलते तेव्हा

समुद्र इथून सुमारे ४०० किलोमीटर. तरीही जहाजबांधणीतला सगळ्यात अवघड धडा येलदरीच्या जलाशयावर मच्छीमाराच्या पायाखाली घडत असतो. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदी अडवून बांधलेलं हे धरण १९६८ साली पूर्ण झालं.

जाळ्यात मोठा कटला आलाय. बसल्या बसल्या ओढवेना, म्हणून माणूस उभा राहतो, काठावर वाकतो आणि होडी झपकन त्याच अंगाला जाते. तो मटकन खाली बसतो, होडी सावरते. किरकोळ प्रकार, संध्याकाळी कोणाला सांगावा असाही नाही. पण तेवढ्यात पाण्याखाली केवढं काय काय झालं!

होडी कलली की त्या बाजूचा तळ जास्त बुडतो. म्हणून पाण्याचा वर उचलणारा जोरही तिकडेच सरकतो आणि होडीला परत उभी करू बघतो. त्या जोराची उभी रेघ होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे ‘मेटासेंटर’. सगळ्या वजनाचा मध्य त्याच्या खाली असेपर्यंत होडी सावरते. वर गेला की उलटते. उभं राहिल्यानं हा मध्य वर चढतो, वर जाळ्याचा भार काठावर येतो. १७४६ साली पिएर बुगेर या फ्रेंच गणितज्ञानं ग्रंथात हा बिंदू मांडला. त्या ग्रंथाचा बराचसा भाग त्यानं लिहिला कुठे, तर अँडीज पर्वतात, पृथ्वीचा आकार मोजायला गेलेला असताना!

तळात साचलेलं पाणी त्याहून लबाड. होडी जिकडे कलेल तिकडे तेही धावतं, म्हणजे पडणाऱ्याला वरून धक्काच. डबा घेऊन ते उपसत राहायचं ते एवढ्यासाठी. जहाजातही तेच: काठोकाठ भरलेली टाकी एवढा दगा देत नाही, अर्धवट भरलेली देते. तिच्यात मधोमध लांबीच्या दिशेनं एकच आडोसा घातला, की हा धोका एक-चतुर्थांशावर येतो. निम्म्यावर नव्हे!

आणखी एक खूण. झटकन परत येणारी होडी अंग दुखवते, पण भरवशाची. आळसावल्यासारखी, सावकाश परतणारी होडी आरामाची वाटते. घाबरायचं ते तिलाच.

जहाज कितपत सावरतं हेच तपासायला स्टॉकहोममध्ये ‘वासा’ या युद्धनौकेवर ३० माणसांना या काठापासून त्या काठापर्यंत पळवून पाहिलं होतं. जहाज इतकं डुललं की तीन फेऱ्यांतच पळापळ थांबवावी लागली. तरी १० ऑगस्ट १६२८ रोजी ते निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं आणि वाऱ्याच्या झोतानं कलंडून बुडालं.

आता नवं जहाज कामाला लागण्याआधी गोदीत त्याला मुद्दाम कलवतात. मोजकी वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची, आत गवंड्यासारखा लांब ओळंबा सोडायचा आणि तो पट्टीवर किती सरकला ते लिहून घ्यायचं. त्यावरून वजनाचा मध्य किती उंचीवर आहे ते काढतात.